लाईट गेल्यावर सोलर का बंद पडतं? चार घरं, एक बॅटरी आणि प्रतापगडचा हिशोब

आजचा भाग आकड्यांचा आहे. फोनमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवता आला तर उत्तम. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका, सगळे आकडे खाली लिहून ठेवलेत.

मी प्रतापगडचा. तो नाही! पुण्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न अफजलखानाचाच असतो. आमचं प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. महाशिवरात्रीला इथे महादेवाची मोठी यात्रा भरते, दर्गाही आहे, आणि आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि जंगल. जंगलातून वीज येते म्हणजे पावसाळ्यात वारा सुटला, झाड पडलं की लाईट जाते. त्यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही, तारेचा रस्ताच तसा आहे.

आमची चार घरं एकाच आंगणाभोवती आहेत. आमचं, मोठ्या बाबांचं, काकाचं आणि चुलत दादाचं. मीटर चार. आजी आमच्याकडे राहते. गेल्या वर्षीपासून तिला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन ते, ५ लिटरचं, साधारण ३५० वॅट ओढतं. लाईट गेली की मशीन बंद. त्यामुळे आमच्या घरात सोलरचा विषय निघाला तो बिल वाचवायला कमी आणि यासाठी जास्त.

एक डीलर आला. त्याने चारही घरांना ३-३ किलोवॅट आणि प्रत्येकी ५ युनिटची बॅटरी असं कोटेशन दिलं. बॅटरी महाग वाटली तर ती नंतर घ्या म्हणाला, नुसते पॅनल लावले तरी “बिल झिरो, अन् लाईट गेली तरी टेन्शन नाही.” यातलं दुसरं वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे आम्हाला कळलं एका नातेवाइकाकडे. जून महिना, दुपारचे दोन, छतावर ३ किलोवॅटचं सोलर, डोक्यावर रणरणतं ऊन, आणि घरात पंखा बंद. मोठे बाबा म्हणाले, “काऊन रे, एवढे पैसे भरले अन् लाईट गेली तं हेही बंदच?”

हो, हेही बंदच. आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. सरकारी अनुदानातून घराघरावर बसतात ती बहुतेक ‘ग्रिडला जोडलेली’ सिस्टीम असते. तिचा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनचा ताल बघून चालतो. लाईन मेली की तो काही क्षणांत स्वतःला बंद करतो. कारण साधं आहे: लाईट गेली म्हणून लाईनमन खांबावर चढलाय आणि तुमच्या छतावरून त्याच तारेत करंट जातोय, असं झालं तर माणूस जाईल. म्हणून नियमच आहे. बॅटरी आणि तिला चालवणारा वेगळा किंवा हायब्रिड इन्व्हर्टर असल्याशिवाय लाईट गेल्यावर तुमच्या पॅनलचा तुम्हाला उपयोग शून्य.

म्हणजे इथे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि डीलर लोक ते एकत्र विकतात. पॅनल किती, हे तुमचं वर्षभराचं बिल ठरवतं. बॅटरी किती, हे तुमची सर्वांत वाईट रात्र ठरवते. या दोन आकड्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

आधी पॅनल. शेवटच्या १२ महिन्यांची बिलं काढा. एका महिन्याचं बघून ठरवू नका. मे महिन्यात कूलर चालतो, दिवाळीनंतर मंडईला घर पाहुण्यांनी भरतं, यात्रेच्या दिवसांत तर विचारूच नका. मी चारही घरांची बिलं मांडली. महिन्याची सरासरी अशी निघाली: आमचं ९० युनिट, मोठ्या बाबांचं १४०, काकाचं ६०, दादाचं ११०. एकूण ४००. वर्षाचे झाले ४,८०० युनिट.

आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. ‘सरासरी’ शब्दावर जोर आहे, कारण स्वच्छ मार्चमध्ये ते याहून जास्त देतं आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत अडीचवर येतं. आणि विदर्भातलं ऊन म्हणजे भरपूर वीज, हा समज अर्धाच खरा. पॅनलला उजेड लागतो, उष्णता नको असते. पॅनल २५ अंशांच्या वर जितकं तापेल तितकं उत्पादन दर अंशाला साधारण ०.३५ टक्क्याने घटतं. मे महिन्यात पॅनलचं अंग ६५ अंशांवर गेलं की १४ टक्के तिथेच गेले. शिवाय आमच्याकडे धानाची मळणी. नोव्हेंबरमध्ये आठवडाभर पॅनल पुसलं नाही तर त्याच्यावर बोटाने नाव लिहिता येतं. हे सगळं धरून मी १ किलोवॅटला वर्षाचे १,४०० युनिट धरतो.

४,८०० भागिले १,४००. उत्तर ३.४ किलोवॅट. चार घरांचं मिळून! डीलरचं कोटेशन होतं १२ किलोवॅटचं.

तो ३ वर का अडून बसला होता? कारण पीएम सूर्यघर योजनेत अनुदान तिथे जाऊन थांबतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००, आणि त्यापुढे कितीही लावा, तेवढेच. ऐकायला ७८ हजार भारी वाटतात. पण त्याच योजनेच्या मार्गदर्शनात महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असणाऱ्या घराला १ ते २ किलोवॅट पुरे असं सांगितलंय, आणि आमची चारही घरं त्यात येतात. जास्तीची वीज नेट मीटरमधून बाहेर जाते, तिचे युनिट जमा होतात, पण ३१ मार्चला हिशोब संपतो. उरलेल्या युनिटला जो भाव मिळतो तो तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी. वीज विकून कमाई करायचा विचार घरगुती छतावरून तरी सोडून द्या. महिन्याला १०० युनिटच्या आत वापर असेल तर २०२५ मध्ये आलेली राज्याची ‘स्मार्ट’ योजनाही बघा, तिच्यात १ किलोवॅटसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याची भर आहे.

आता गंमत बघा. प्रत्येक घरावर १ किलोवॅट लावलं तर काकाकडे वर्षाला ६८० युनिट जास्तीचे होतात आणि मोठ्या बाबांना २८० कमी पडतात. दोघांच्या भिंतीत दहा पावलांचं अंतर. चार मीटरचा हिशोब एकत्र धरला असता तर एकाचं जास्तीचं दुसऱ्याच्या बिलातून वजा झालं असतं. ऊर्जा समुदाय म्हणतात तो हाच. युरोपात त्यासाठी कायदे आहेत, दिल्लीत २०१९ पासून ‘व्हर्च्युअल नेट मीटरिंग’चे नियम आहेत, म्हणजे पॅनल एका जागी आणि युनिट अनेकांच्या बिलात. आम्ही मात्र कागदावर प्रत्येक मीटर वेगळाच धरला आणि त्याप्रमाणे ठरवलं: आमचं, मोठ्या बाबांचं, दादाचं प्रत्येकी १ किलोवॅट. काकाकडे नाही. त्याचं बिल पहिल्या स्वस्त स्लॅबमध्येच संपतं, आणि त्याचं छप्पर कवेलूचं आहे. कवेलूवर पॅनल चढवायचं म्हणजे आधी लोखंडी सांगाडा, त्यावर माकडं. नकोच ते.

आता बॅटरी. इथे बिलं काही कामाची नाहीत, कारण लाईट किती वेळ नव्हती हे बिलात येत नाही. घरात विचारलं तर आई म्हणाली “रोज जाते”, काका म्हणाला “पहिल्यापेक्षा बरं आहे”. दोन्ही खरं असेल, पण कोडमध्ये टाकता येत नाही. मग मी एक जुना फोन कायम चार्जिंगला लावून ठेवला आणि त्यात छोटीशी स्क्रिप्ट चालू केली. चार्जिंग तुटलं की वेळ लिहायची, परत आलं की वेळ लिहायची. बस. माझ्या बीटेकच्या प्रोजेक्टपेक्षा याचा घराला जास्त उपयोग झाला.

जून ते सप्टेंबर, १२२ दिवसांत १० मिनिटांहून जास्त वेळ लाईट गेली ४७ वेळा. ३१ वेळा तासाच्या आत आली. १४ वेळा एक ते चार तास. एकदा ५ तास १० मिनिटं. आणि एकदा रात्री ८:४० ला गेली ती सकाळी ६ ला आली, ९ तास २० मिनिटं. त्या रात्री दादाने मोटरसायकलवर जाऊन सिलिंडर आणला होता. त्याबद्दल घरात अजून कुणी फार बोलत नाही.

मोह होतो की बॅटरी साडेनऊ तासांचीच घ्यावी. पण ४७ पैकी ४६ वेळा ६ तास पुरेत. शेवटच्या एका वेळेसाठी दीडपट बॅटरी घेणं म्हणजे यात्रेच्या दिवशी किती पाहुणे येतात ते बघून घर बांधणं. त्या एका वेळेला दुसरा उपाय शोधायचा. आमचा उपाय सिलिंडर: बी टाईपच्या सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. आजीला मिनिटाला २ लिटर लागतो, म्हणजे साडेबारा तास. (प्रवाह किती ठेवायचा हे डॉक्टर ठरवतात, पॉडकास्टवाला नाही. आणि त्या खोलीत अगरबत्तीसुद्धा लावायची नाही.)

तर ६ तास. लाईट गेल्यावर काय काय चालू ठेवायचं ते लिहिलं. आमच्याकडे कॉन्सन्ट्रेटर ३५०, एक कमी विजेचा बीएलडीसी पंखा ३०, तीन एलईडी मिळून २७: एकूण ४०७ वॅट. मोठ्या बाबांकडे दोन साधे पंखे १५०, दिवे ३०, फ्रिज सरासरी ६०: २४०. दादाकडे तेवढंच, २४०. काकाकडे एक पंखा आणि दिवे, ९५. चौघांचे मिळून ९८२ वॅट, ६ तासांचे ५,८९२ वॅट-तास, म्हणजे ५.९ युनिट.

पण ५.९ युनिटची बॅटरी चालत नाही. इन्व्हर्टर वाटेत दहाएक टक्के खातो. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि ती म्हातारीही होते, म्हणून लिथियम फेरो फॉस्फेटची असली तरी मी ८० टक्केच वापरायची धरतो. साध्या ट्यूब्युलर बॅटरीला तर ५० टक्केच धरा. ०.९ गुणिले ०.८ म्हणजे ०.७२. ५.९ ला ०.७२ ने भागलं की ८.२ युनिटची बॅटरी. डीलरच्या २० पेक्षा खूप कमी, तरी आमच्या खिशाला जडच.

इथे मी दोन दिवस वेगवेगळ्या बॅटऱ्यांचे भाव बघण्यात घालवले. चूक होती ती. बघायचे होते पंखे. साधा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी ३०. बाकीच्या तीन घरांतले पाच पंखे बदलले की २२५ वॅट कमी, आणि बॅटरी ८.२ वरून ६.३ वर. पाच पंख्यांची किंमत त्या १.९ युनिट बॅटरीपेक्षा कमी बसली, आणि पंखे रोजचं बिलही कमी करतात. मग फ्रिज. दार उघडलं नाही तर चारेक तास फ्रिज आपली थंडी धरून ठेवतो. पुढे दूध नासलं तर नासलं. दोन फ्रिज यादीतून काढले. भार उरला ६३७ वॅट, बॅटरी ५.३ युनिट. बाजारात ५१.२ व्होल्ट १०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी मिळते, ती ५.१२ युनिटची. तिच्यावर सगळं मिळून पावणेसहा तासांच्या थोडं वर चालतं. थांबलो तिथेच.

आता प्रश्न: चार घरांना एक बॅटरी चालते का? मला वाटलं होतं सोपं आहे, आमच्या मीटरवर बॅटरी चार्ज करायची आणि आंगणातून तिघांना वायर टाकायची. तसं करू नका. वीज कायदा २००३ चं कलम १२६ वाचा. ज्या जागेसाठी जोडणी मंजूर आहे तिच्याबाहेर ती वीज वापरणं हा अनधिकृत वापर ठरतो. भाऊ-भाऊ असलात तरी मीटर वेगळा म्हणजे जागा वेगळी. शिवाय दोन मीटरचे न्यूट्रल एकत्र आले की घरातले सुरक्षेचे स्विच उगाच पडायला लागतात, किंवा नको तेव्हा पडत नाहीत.

म्हणून आम्ही सामाईक बॅटरी ग्रिडपासून पूर्ण तोडली. मोठ्या बाबांच्या स्लॅबवर त्यांच्या १ किलोवॅटशेजारी ५४० वॅटचे आणखी दोन पॅनल, त्यांचा बाहेरच्या लाईनशी काही संबंध नाही. ते फक्त बॅटरी भरतात, आणि बॅटरीतून चार घरांत वेगळ्या रंगाची वायर जाते, वेगळ्या बोर्डावर. पावसाळ्यातल्या दिवसाला अडीच युनिटने गळती धरून दोन युनिट बॅटरीत जातात, म्हणजे पूर्ण रिकामी झाली तरी दोन दिवसांत भरते. इन्व्हर्टर २ केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा. भार ६३७ वॅट असला तरी कॉन्सन्ट्रेटरचा कंप्रेसर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो. वायरिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. एकमेकांना युनिट विकत नाही, खर्च वाटून घेतो. तुम्ही करणार असाल तर आधी वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी विचारा.

ही कल्पना काही माझी नाही. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत वीजच पोचली नव्हती, तिथे २०१२ मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ने बॉश सोलरच्या मदतीने साधारण ९.४ किलोवॅटचं गावचं सोलर उभं केलं. घरं ३९. भागून बघा: घरामागे २४० वॅट! आम्हाला घरामागे ३,००० विकायला निघाले होते. अर्थात दरेवाडीत तेव्हा घरोघरी फ्रिज नव्हते, तुलना सरळ करता येणार नाही. पण मला तिथली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रत्येक घराला मीटर लावला, आणि पैसे गोळा करायला गावाचाच ट्रस्ट केला. बॅटरी एक दिवस मरणार हे पहिल्या दिवशीच धरलं होतं. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली, १०२ जोडण्या. पण ते गाव ग्रिडला जोडलेलं आहे, तिथला प्रश्न बिलाचा होता. आमच्या आंगणात दोन्ही प्रश्न एकत्र आले.

आणि जिथे बिघडलं तेही सांगतो. बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत २०१४ साली ग्रीनपीसने १०० किलोवॅटची मायक्रोग्रिड उभी केली, साडेचारशेच्या आसपास घरं. मोठं नाव झालं. लोकांनी टीव्ही, फ्रिज लावायला सुरुवात केली, तेवढं पुरवायला ती मापलेलीच नव्हती. मग सरकारी वीज आली, स्वस्त आली. काही वर्षांत बॅटऱ्या थकल्या, त्या बदलायला पैसे नव्हते, आणि शेवटी त्या जागेत गुरं बांधायला लागले. पॅनल चांगलेच होते.

हे वाचल्यावर मी घरात दोन गोष्टी लावून धरल्या. एक, डबा. दर घराने महिन्याला २०० रुपये, वर्षाचे ९,६०० होतात, फक्त पुढच्या बॅटरीसाठी. काकाचं उत्पन्न कमी आहे, त्याचे बाबा भरतात, पण डब्यात त्याचे म्हणूनच पडतात.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड होती. बॅटरी अर्धी झाली की तीन घरांची वायर आपोआप तुटेल आणि फक्त आमची चालू राहील, असा रिले मला बसवायचा होता. हिशोब असा: अर्धी होईपर्यंत सगळे मिळून जवळजवळ तीन तास. मग एकट्या आमच्या ४०७ वॅटवर आणखी साडेचार. एकूण साडेसात तासांच्या जवळ, त्याच बॅटरीत, एक रुपया जास्त न घालता. पण पैसे चौघांनी घालायचे आणि अंधार तिघांकडे. रविवारी आंगणात बसून हे सांगताना मी लॅपटॉपवर तक्ता उघडून ठेवला होता, कुणी बघितला नाही. मोठे बाबा म्हणाले, “आईचं मशीन चालू पाहिजे. आमचा पंखा बंद झाला तं काय मरतो का आम्ही?” काकूने फक्त विचारलं की दिवा तरी एक राहील का. ९ वॅटचा एक दिवा प्रत्येक घराला ठेवला. त्यात साडेचार तासांतली सतराएक मिनिटं गेली. चालेल.

ती साडेनऊ तासांवाली रात्र पुन्हा आली तर रिलेवर सात तास निघतात, पुढचे दोन-अडीच सिलिंडरवर. सिलिंडर आता घरातच असतो, आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा काटा बघायचं काम दादाने स्वतःकडे घेतलंय. जुना फोन अजून चार्जिंगलाच आहे.

तुमच्या घराचा हिशोब करून हवा असेल तर दोन आकडे पाठवा: मागच्या १२ महिन्यांचे एकूण युनिट, आणि तुमच्याकडे लाईट सर्वांत जास्त किती वेळ गेली होती तो. दुसरा आकडा माहीत नसेल तर आज रात्रीच एक जुना फोन शोधा. पुढच्या भागात नेट मीटरचं बिल ओळीने ओळ वाचू, कारण मोठ्या बाबांचं पहिलं बिल आलंय आणि त्यांचे सात प्रश्न आहेत.